सावलीची बाजू

यवतला स्टँडसमोर मुजीबचं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, लाइटबिल, रेल्वेचं तिकीट, सगळं तिथंच निघतं. आनंदराव दुकानात शिरले तेव्हा मुजीबनं खुर्चीवरचे कागद उचलून त्यांना जागा करून दिली.

"बसा आप्पा. नागपूरच ना?"

"नागपूरच."

मुजीबनं कॉम्प्युटरवर विमानाचा नकाशा उघडला. मधे वाट, दोन्हीकडे तीन-तीन चौकोन. भरलेल्या जागा काळ्या, रिकाम्या निळ्या.

"डाव्या बाजूची टाकतो," तो म्हणाला. "सकाळचं इमान, सावली डावीकडं. गेल्या टायमाला आपण दोघांनी हिशेब केला व्हता, ध्यानात हाय माझ्या."

"ह्या टायमाला उजवीकडची दे. खिडकी."

"आप्पा, ऊन येईल तोंडावर."

"येऊ दे."

मुजीब हसला. "सारं यवत तुम्हाला इचारून एसटीत बसतं, आन् तुम्हीच उन्हात बसणार व्हय?"

मुजीबनं पडद्यावर बोट ठेवलं. "मग ही घ्या, सहावी रांग. गेल्या टायमाला तुमची चौदावी व्हती, तिथं निम्मा पंखच दिसतो. ही पंखाच्या पुढची. खालचं सगळं मोकळं दिसंल."

"हीच दे."

छापलेला कागद घडी घालून त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला. दुकानाबाहेर आले आणि उगाच थोडा वेळ स्टँडवर उभे राहिले. एक बाई लेकराला घेऊन एसटीची वाट बघत होती. तिनं विचारलं, "आप्पा, कुठल्या बाजूला बसू?" त्यांनी सवयीनं सांगितलं, "पुण्याला ना? उजवीकडं बस."

आनंदरावांचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी यवतहून पुण्याला जाताना उजवीकडे बसायचं, दुपारी परत येताना डावीकडे. चाळीस वर्षांत ते उन्हाच्या बाजूला कधी बसले नव्हते आणि सोजराबाईंनाही बसू दिलं नव्हतं. सोजराबाईंना गाडी लागायची, म्हणून त्यांना खिडकी. काच उघडी, तोंडावर वारं, हातात लिंबू. हे सगळं त्यांनी बायकोसाठी फार चांगलं सांभाळलं होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं.

दोन वर्षांमागं लेकीनं, भाग्यश्रीनं, विमानाची तिकिटं पाठवली. तिला मुलगी झाली होती, बारसं नागपूरला होतं. आई-वडिलांनी रेल्वेत दिवसभर आंबत बसू नये म्हणून जावयांनी विमानाचं काढलं. जागा तेवढी आपल्या मनानं घ्या, म्हणाली.

त्या दिवशी सोजराबाई कांदा खुरपत होत्या. खुरपं बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "उजवीकडची घ्या. माझं माहेर आन् सासर संगंच दिसंल."

सोजराबाईंचं माहेर नदीपलीकडे, शिरूर तालुक्यात; धाकटा भाऊ गेणबा अजून तिथंच. सासर अलीकडे, दौंडमधे. मधे भीमा. वरच्या अंगाला मुळा-मुठा येऊन तिला मिळते. अलीकडून बघितलं तर पलीकडची माणसं हात हलवताना दिसतात, पण जायचं तर पुलावरून वीस-बावीस किलोमीटरचा फेरा. सोजराबाई लग्न होऊन आल्या तेव्हा फोन नव्हते. पलीकडे त्यांची आई काठच्या बाभळीवर लुगडं वाळत टाकायची. पिवळं असलं की समजायचं, घरी सगळं ठीक आहे. लाल असलं की समजायचं, लगेच ये. रोज सकाळी धुण्याला गेलं की सोजराबाई आधी समोर बघायच्या आणि मग धुणं भिजवायच्या. आनंदरावांना ते माहीत होतं. पण बायकांचं काहीतरी असतं, एवढंच त्यांनी धरलं होतं.

"उजवीकडं ऊन येतं," आनंदराव म्हणाले.

"येऊ द्या. सकाळचं इमान आपल्यावरनं जात न्हाई. पल्याडनं जातं, गेणबाच्या घराच्याबी मागनं, शिरूरच्या अंगाला. म्हंजी आपण त्याच्या उजव्या हाताला आलो."

"तू बसलीस का कवा इमानात?"

"बसले न्हाई. बघितलंय. तीस वर्सं हितंच बसून बघतीय."

आनंदराव हसले होते. बांधावर उभं राहून, कमरेवर हात ठेवून, मोठ्यानं हसले होते. आणि यवतला जाऊन त्यांनी सावलीची, डावीकडची जागा घेतली होती.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण विमानात शिरल्यावर खिडकीशी कोण, हा प्रश्न आला. सोजराबाई सवयीनं आत सरकायला लागल्या. आनंदराव म्हणाले, "ही काच उघडत न्हाई. वारं लागणार न्हाई तर तुला खिडकी कशाला? तू मधी बस, म्हंजी उठायला सोपं पडंल." आणि ते स्वतः खिडकीला बसले. सोजराबाई मधे बसल्या. हातात लिंबू होतं.

विमान वर गेलं. आनंदराव खाली बघत राहिले. शेडची पत्र्याची छपरं दिसली, मग डोंगर, मग कोरडं रान. ते नदीची वाट बघत होते. वाटेपलीकडे, उजव्या बाजूला, दोघं-तिघं एकदम खिडकीशी वाकली. एक बाई म्हणाली, "ते बघ, दोन नद्या मिळतायत!" कुणी मोबाइल काचेला लावला.

तेव्हाच सोजराबाईंनी त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, लहान पोरीनं काहीतरी लपवून ठेवल्यासारखं.

"दिसतंय का हो?"

खरं सांगायचं तर एवढंच म्हणायचं होतं, तू म्हणत होतीस तेच बरोबर होतं. तेवढं त्यांच्या तोंडून निघालं नाही.

"दिसतंय की," आनंदराव म्हणाले.

"नदी?"

"नदी दिसली. संगम दिसला. आपलं रान, आन् पल्याड तुमचं घरबी."

"घर दिसलं?"

"व्हय. स्लॅब दिसला, गोठा दिसला."

"आन् काय?"

"आन् काय असणार?"

सोजराबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग हात काढून घेतला आणि पदराखाली ठेवला. "बरं झालं," त्या म्हणाल्या.

आनंदरावांना वाटलं, पटलं तिला. परत आल्यावर सोजराबाईंनी दोन्ही गावांत सांगितलं, ह्यांनी सगळं वरनं बघितलं. लोक विचारायला लागले तसे आनंदरावही सांगायला लागले. सांगता-सांगता त्यात भर पडत गेली. देवळाचा कळस आला, नदीवर धुणं धुणारी बाई आली.

पुढच्या वर्षी सोजराबाईंच्या पोटाचं दुखणं निघालं. पुण्याच्या दवाखान्यात अकरा आठवडे गेले. दुपारी वॉर्डात सामसूम झाली की त्या म्हणायच्या, "सांगा की, वरनं कसं दिसत व्हतं." आनंदराव सांगायचे. तिला बरं वाटतंय तर सांगावं, असं त्यांना वाटायचं. एकदा सोजराबाईंनी विचारलं, "आन् स्लॅबवर काय व्हतं?"

आनंदरावांनी क्षणभर विचार केला. "मिरच्या वाळत घातल्या व्हत्या."

"मिरच्या? म्हंजी लाल?"

"मग. मिरच्या लालच."

सोजराबाई हसल्या. इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, नर्स पाणी घेऊन आली. पाणी पिऊन त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर त्यांनी विमानाचं परत कधी विचारलं नाही. आठच दिवसांत त्या गेल्या.

आता वर्षश्राद्ध होऊन पंधरवडा झाला होता. भाग्यश्री म्हणाली, आप्पा, महिनाभर इकडं या. आनंदराव हो म्हणाले ते एकाच गोष्टीसाठी. जे बघितलं म्हणून तिला सांगितलं होतं, ते एकदा तरी खरंच बघावं. तिच्या माघारी का होईना, खोट्याचं खरं करावं.

*

निघायच्या आदल्या दिवशी ते पुलावरून फेरा घालून मेव्हण्याकडे, गेणबाकडे गेले. भाचीसाठी त्यानं हुलगे आणि काळा मसाला बांधून ठेवला होता. गेणबा सोजराबाईंपेक्षा सहा वर्षांनी लहान. बहिणीला आक्का म्हणायचा, आनंदरावांना दाजी.

चहा झाला. गेणबानं विचारलं, "दाजी, कितीचं इमान?"

"आठ वीसचं."

"म्हंजी आपल्याकडं साडेआठ, पावणेनऊला. मग आठलाच स्लॅबवर पसरतो साड्या."

"कसल्या साड्या?"

गेणबाला वाटलं दाजी चेष्टा करतात. "त्याच की, पिवळ्या. मागल्या टायमाला घातल्या व्हत्या तशाच. आईचं नऊवारी मधी, आन् बाकीच्या कडंनं. चारी कोपऱ्यावर इटा ठेवल्या तवा कुठं राहिल्या, एवढं वारं व्हतं."

आनंदरावांच्या हातात बशी होती. ती त्यांनी खाली ठेवली.

"कुणी सांगितल्या व्हत्या घालायला?"

"आक्कानंच. आठ दिस आधी फोन केला. म्हणली, ह्यांना सांगू नको. वरनं दिसल्या की बघू ओळखत्यात का." गेणबा हसला. "मी सांच्याला फोन केला तिला नागपूरला. इचारलं, दिसल्या का गं आक्का? म्हणली, मी मधी बसले व्हते, पण ह्यांना दिसल्या. लगेच ओळखलं म्हणली."

"असं म्हणली?"

"व्हय. लई खूश व्हती. का, तुमी काय म्हणाला न्हाईत का तिला?"

गेणबाची बायको आतून पिशवी घेऊन आली. आनंदराव उठले. पिशवी घेतली, वहिनीला नमस्कार केला आणि मोटारसायकलला किक मारायला लागले. चार किका मारल्या तरी गाडी सुरू होईना. चावीच लावलेली नव्हती.

पुलावर त्यांनी गाडी थांबवली. म्हणजे तिला माहीत होतं. विमानातच माहीत झालं होतं. आन् काय, असं तिनं विचारलं ते त्याचसाठी. त्यांनी तेवढं म्हटलं असतं की मला काही दिसत नाही गं, बाजू चुकली, तर ती हसली असती. आणि सांगितलंही असतं, अहो, साड्या पसरायला लावल्या होत्या. तेवढीच गंमत होती तिची. आणि ते नद्या सांगत बसले, गोठा सांगत बसले. दवाखान्यात तिनं परत-परत विचारलं. ती ऐकायला विचारत नव्हती. ती त्यांना संधी देत होती, दर दुपारी एक. त्यांनी मिरच्या सांगितल्या. लाल.

आणि इकडे भावाला सांगताना तिनं त्यांना राखलं होतं. माझ्या नवऱ्याला दिसलं, लगेच ओळखलं.

मागून ऊस भरलेला ट्रॅक्टर आला, हॉर्न वाजवायला लागला. त्यांनी गाडी कडेला घेतली.

*

सकाळी विमान वेळेवर सुटलं. आनंदराव सहाव्या रांगेत, उजव्या खिडकीशी. शेजारी कानात वायर घातलेली एक पोरगी. विमान वर चढलं आणि ऊन सरळ त्यांच्या तोंडावर आलं.

"काका, खिडकी बंद करता का प्लीज? डोळ्यांवर येतंय."

"थोडा वेळ थांब, बाळा. आमचं गाव यायचंय."

पोरीनं रुमाल डोळ्यांवर टाकला आणि झोपली.

आधी रस्ता दिसला, त्यावर ट्रकची रांग. मग ऊस, कांदा, शेततळी. मग नदी दिसली. दोन नद्या. एक काळपट, पुण्याचं सगळं पाणी घेऊन आलेली, काठाला जलपर्णी. दुसरी जरा उजळ. दोन्ही मिळतात तिथं काही अंतर दोन रंग शेजारी-शेजारी चालत होते. सोजराबाईंनी सांगितलं होतं अगदी तसं, उजव्या हाताला, अलीकडे-पलीकडे दोन्ही गावं एकाच काचेत. मधे बावीस किलोमीटर आहेत असं वाटत नव्हतं.

आनंदरावांनी कपाळ काचेला लावलं. गाव म्हणजे करड्या ठिपक्यांचा पुंजका. त्यात घर कुठलं, देऊळ कुठलं, काही कळत नव्हतं. कळस नाही, गोठा नाही, धुणं धुणारी बाई नाही. एवढ्या वरून कुणाला काय दिसणार होतं? उजवीकडे बसले असते, तिला खिडकी दिली असती, तरी साड्या दिसल्याच नसत्या. तिलाही दिसल्या नसत्या. दोघं मिळून शोधत बसले असते एवढंच.

एवढंच तर हवं होतं तिला.

त्यांनी डोळे पुसले आणि परत बघितलं. तिच्या माहेरच्या काठाला, गावाच्या जरा बाजूला, एक पिवळा ठिपका होता. छोटा, पण पिवळा. मग ठिपक्याच्या कडा सरळ दिसल्या, बांधापासून बांधापर्यंत. झेंडूचं रान होतं ते. शेवंतीचंही असेल. स्लॅब एवढा मोठा नसतो. तरीसुद्धा पंखाच्या पुढून तो ठिपका हळूहळू मागं सरकला आणि पंखाखाली गेला तोवर ते त्याच्याकडे बघत राहिले. कुणी विचारलं तर सांगता येईल, पिवळं दिसलं. त्यात खोटं काही नव्हतं.

मग त्यांना कळलं की आपण परत तेच करतोय.

ऊन चांगलंच चटका देत होतं. डावीकडच्या रांगेत सगळे सावलीत गार बसलेले. आनंदरावांनी खिडकी बंद केली नाही. नागपूर येईपर्यंत ते उन्हातच बसले.

*

सामान यायच्या पट्ट्याशी उभं राहून त्यांनी मोबाइल चालू केला. गेणबाचे तीन फोन येऊन गेले होते. चौथा लगेच वाजला.

"दाजी! दिसल्या का?"

मागून गेणबाच्या बायकोचा आवाज आला, "इचारा की, आईचं लुगडं दिसलं का." मागच्या गलक्यात पोरं असावीत, कोंबड्या असाव्यात. गेणबा स्लॅबवरच उभा होता. आठ वाजल्यापासून तिथंच असणार. काचेपलीकडे भाग्यश्री मुलीला कडेवर घेऊन हात हलवत होती. आनंदरावांनी तिला हात केला आणि पाठ फिरवली.

"न्हाई दिसल्या, गेणबा."

"आं? ढग व्हता का?"

"ढग न्हवता. लख्ख व्हतं. पण तेवढ्या वरनं न्हाई दिसत. नदी दिसली फक्त."

"मागल्या टायमाला तर दिसल्या..."

"मागल्या टायमालाबी न्हाई दिसल्या." ते सांगत राहिले. "मागल्या टायमाला मला नदीबी दिसली न्हवती. मी डाव्या बाजूला बसलो व्हतो. तुझी आक्का उजवी घ्या म्हणत व्हती, मी हसलो तिला. वर खिडकीलाबी मीच बसलो. आन् दिसतंय म्हणून खोटं सांगितलं. दवाखान्यातबी तेच सांगत बसलो, शेवटपातूर. तिला समदं ठावं व्हतं. माझी लाज राखायला ती तुला तसं म्हणली."

फोन कट झाला की काय म्हणून आनंदरावांनी बघितलं. चालू होता. वाऱ्याचा आवाज येत होता, कापड फडफडल्यासारखा.

"दाजी," गेणबा शेवटी म्हणाला, "ह्ये आत्ता सांगताय व्हय?"

"व्हय."

"ती व्हती तवा सांगायचं व्हतं."

"व्हय."

"लई येळा बोलून दाखवायची वो ती मला. म्हणायची, गेणबा, अजून काय बोलले न्हाईत हे. मला कळायचं न्हाई, काय बोलायचं राहिलंय म्हणून."

पट्ट्यावर त्यांची पिशवी आली, हुलग्यांची. समोरून निघून गेली. ते तिला हात लावायचे विसरले.

"काय म्हणत्यात?" बायकोनं विचारलेलं ऐकू आलं.

"न्हाई दिसल्या म्हणत्यात," गेणबानं तिला सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही. मग तो फोनमधे म्हणाला, "ऊन तापलंय, दाजी. इटतील साड्या. काढू का आता?"

"काढ."

"आईचंबी काढू?"

पिशवी फेरा घालून परत येत होती.

"तेवढं राहू दे आज," ते म्हणाले. "सांच्याला नुसतं आत ने, मी आलो की मीच घडी घालीन."

गेणबानं फोन ठेवला. आनंदरावांनी पिशवी उचलली आणि भाग्यश्रीकडे चालायला लागले. ती काचेतूनच हातानं विचारत होती, खिडकी मिळाली का, खिडकी? आईनं सांगितलेलं सगळं तिलाही पाठ होतं. कळस, गोठा, धुणं धुणारी बाई.

तिलाही आजच सांगायचं, असं त्यांनी दाराशी पोचायच्या आत ठरवलं.